पिसाचे दोन वेढे

गिरणाऱ्याच्या मावशींनी परवा पिसं पाठवली. वर्तमानपत्राची पुडी, वर लाल दोरा, आत गावठी कोंबडीच्या खांद्यावरची आणि पाठीवरची मूठभर पिसं. घरी कोंबडी कापली की एवढी बाजूला काढून ठेवा, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. पहिल्यांदा मागितली तेव्हा त्या जरा गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, घरी कुणाला बरं नाहीये का?" त्यांना वाटलं, कुणीतरी उतारा टाकायला सांगितलाय. मी खिशातली डबी उघडून दाखवली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुडी आली की मी पिसं स्टीलच्या ताटलीत पसरतो आणि ताटली पूर्वेच्या खिडकीत ठेवतो. सिडकोतल्या आमच्या घरात सकाळचं ऊन या एकाच खिडकीतून येतं, म्हणून माझं टेबलही तिथंच. एकेक पीस उचलायचं, टोकाला चिमटीत धरायचं आणि दुसऱ्या हातानं त्याचे तंतू उलटे, बुडाकडे फिरवायचे. सोडल्यावर तंतू टणकन जागेवर आले, तर ते पीस बाजूला. सावकाश, झोपेतून उठल्यासारखे आले, तर ठेवायचं. मग ठेवलेल्यातून लांबी बघायची. माझा गळ असतो बारीक, १४ नंबरचा (गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान), आणि पिसाचा तंतू त्या गळाच्या वाकापर्यंत, फार तर किंचित पुढे पोचावा. असं बघत गेलं की मूठभर पिसांतून हाती दहा-बारा लागतात. बाकीची मी कुंडीत मातीखाली घालतो.

ट्राउट नावाच्या माशासाठी मी माश्या बांधतो, म्हणजे किडा वाटावा असं गळावरचं नकली आमिष. माशाला माशी, ही जोडी मराठीत आयतीच जमून आली आहे. गळाच्या दांडीवर रेशमाचा एक थर गुंडाळायचा, गळाच्या डोळ्यामागे (डोळा म्हणजे दोरी ओवायचं भोक) मऊ पिसाचे दोन वेढे द्यायचे, गाठ मारायची. झाली माशी. इंग्रजीत हिला सॉफ्ट हॅकल म्हणतात. मी आपलं मऊपिशी म्हणतो, आणि घरातही आता तेच नाव रुळलंय.

नाशकात ट्राउट नाही, असणार नाही. त्याला गार, खळाळतं पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचं खाण्यातलं लक्ष उडतं, २५ च्या पुढे तगणंच अवघड. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: १० अंशांच्या लिटरभर पाण्यात ११ मिलिग्रॅमच्या वर, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आमच्या गोदेचं पाणी चैत्रात हाताला कोमट लागतं. ट्राउट हवा असेल तर दक्षिणेला निलगिरीत, मुन्नारला जायचं, नाहीतर उत्तरेला हिमाचल-काश्मीर गाठायचं. तिथलाही तो मूळचा नव्हे. काश्मीरला ब्राउन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून १९०० साली आली, आणि तिथून पुढे १९०९ मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात. म्हणजे माझ्या टेबलापासून सर्वांत जवळचा ट्राउटही हजार किलोमीटरच्या पुढे. तरी मी वर्षाला शंभरेक माश्या बांधतो. हे कसं लागलं, ते सांगतो.

मी टूलरूमचा माणूस. अंबडच्या एका कारखान्यात डाय (साचे) आणि गेज (मापं तपासायची साधनं) बनवण्यात उभी हयात गेली. १९९८ साली आमच्याकडे एक ग्राइंडिंग मशीन बसवायला यॉर्कशरचा एक इंजिनिअर आला, अकरा आठवडे राहिला. उंच, कमी बोलणारा, साठीला टेकलेला. एका रविवारी मी त्याला सोमेश्वरला नेलं. ऑगस्टचा महिना, धबधबा दुथडी भरून वाहत होता. तो काठावर बसला, बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला, आणि मग खिशातून एक चपटी पत्र्याची डबी काढली. आत मेंढीच्या लोकरीचा तुकडा, त्यात खोचलेल्या वीस-पंचवीस माश्या. मी तोवर मासेमारीचा गळ पाहिला होता तो पिठाच्या गोळीचा, नाहीतर गांडुळाचा. रेशमाचं अंग आणि पिसाचे पाय असलेला गळ प्रथमच बघत होतो.

त्यातल्या एकीचं नाव पार्ट्रिज अँड ऑरेंज. नारिंगी रेशीम आणि तितराचं तपकिरी-करडं पीस, बास. त्याच्या वडिलांनी बांधलेली होती. वॉर्फ, निड, युर या त्यांच्याकडच्या नद्या, डोंगरातून उतरणाऱ्या, उथळ, दगडगोट्यांच्या. तिथले लोक कित्येक पिढ्या अशाच माश्या बांधत आले, आणि जवळपास काय मिळेल त्यातून बांधत आले: शेतातला तितर, पाणथळीतला पाणलावा, छपरावरची मैना, शिवणाच्या डब्यातलं रेशीम. ते ऐकताना माझ्या मनात आलं, म्हणजे हे परक्याचं कसब नाही, हे घरातल्या वस्तूंचं कसब आहे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती माशी मागून घेतली आणि मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मोजमापाच्या खोलीत नेऊन प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवली. ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी: काचेच्या टेबलावर वस्तू ठेवायची, खालून दिवा, आणि समोरच्या गोल पडद्यावर तिची सावली दहापट मोठी दिसते. दात्यांची चाकं, आटे, बारीक गेज आम्ही असे तपासायचो. त्या पडद्यावर माशीची सावली उमटली. गळाचा वाक, सडपातळ अंग, आणि डोळ्यामागून निघून पाठीकडे कललेले तंतू. मी सवयीनं मोजले. चोवीस.

तो मागे येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "तुझं यंत्र बरोबर दाखवतंय. मासाही खालूनच बघतो, वर आभाळाचा उजेड असतो, त्यालाही सावलीच दिसते." मग जरा थांबून म्हणाला, "पण ही कोरडी आहे. कोरड्या माशीचं माप घेऊन काय करणार?" जाताना ती माशी त्यानं मला दिली. त्याचं वाक्य मला कळलं नव्हतं. मी त्या रात्री माशीचं ड्रॉइंग काढलं, तीन बाजूंनी, मापं आणि टॉलरन्ससकट (मापात किती कमीजास्त चालेल, ते).

पुढचे सहा महिने त्या ड्रॉइंगच्या मागे गेले. माशी धरायला छोटी व्हाइस लागते. ती मी भंगारातल्या ओएचएनएसच्या (हत्यारांच्या पोलादाच्या) तुकड्यातून केली, जबडे हार्डन करून, घासून गुळगुळीत केले, ती आजही गळाला तसूभर हलू देत नाही. कात्री दवाखान्यातली, टाके काढायची. मेण त्र्यंबकच्या बाजारात मध विकणाऱ्या बाईंकडून पोळ्यासकट आणलेलं. अडलं होतं ते रेशीम आणि पीस.

पिसाचं आधी सांगतो, कारण तिथं मोह होता. सिन्नरच्या माळावर पहाटे तितर ओरडतात, त्यांच्या खांद्यावरही तसलंच नक्षीदार पीस असतं. पण आपल्याकडे तितर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, आणि कायदा नसता तरी एका माशीसाठी माळावरचा तितर मारणं मला जमलं नसतं. म्हणून गावठी कोंबडी. कोंबडी, कोंबडा नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस ताठ, चकचकीत, पाणी झटकून टाकणारं. पाण्यावर तरंगणारी माशी बांधायची तर तेच लागतं. कोंबडीचं पीस मऊ. तिच्या प्रत्येक तंतूला आणखी बारीक लव असते, ती लव पाणी धरून ठेवते, माशी बुडते आणि पाण्यात गेल्यावर तिचे तंतू वाहत्या धारेबरोबर उघडतात, मिटतात. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टनं १८५७ सालीच हे लिहून ठेवलंय, की मऊ पीस घ्या, ते पाण्यात जिवंत दिसतं. त्याची काळी माशी मैनेच्या पिसाची होती. मी ती कडकनाथ कोंबडीच्या पिसाची करतो. झाबुआकडची ही जात आता आपल्याकडेही बरेच जण पाळतात. तिच्या काळ्या पिसावर उन्हात हिरवट झाक येते, आणि ती झाक पाण्यातही जात नाही.

रेशीम मला येवल्यात मिळालं. नाशिक जिल्ह्यात राहून रेशमासाठी इकडेतिकडे शोधत बसलो होतो, याचं आज नवल वाटतं. आमच्या हिच्या भाचीच्या लग्नाची पैठणी आणायला गेलो होतो. दुकानाच्या मागच्या खोलीत हातमाग. मागावर एक बाई पदराचा मोर भरत होत्या. पैठणीचा पदर विणताना रंगागणिक वेगळी कांडी लागते. मोराच्या मानेचा निळा वेगळा, पिसाऱ्याचा हिरवा वेगळा, चोचीचा तांबडा वेगळा. त्यांच्या पुढ्यात अशा पंचवीस-तीस कांड्या लोंबत होत्या. कडेला टोपलीत उरलेले तुकडे, वीतभर, हातभर. मी तिथंच उकिडवा बसलो.

"ताई, हे तुकडे टाकता का?"

"टाकत नाही दादा, पोरी राख्यांना नेतात. तुम्हाला कशाला पाहिजेत?"

मी डबी काढली. त्यांनी माशी तळहातावर घेतली, उजेडाकडे तोंड करून फिरवली, आणि पहिलीच गोष्ट विचारली ती कुणी विचारली नव्हती: "हिला पाण्यात घातल्यावर रंग कोणता येतो?"

मी सांगितलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. त्यांनी शेजारच्या लोट्यात बोट बुडवलं आणि माशीच्या अंगावर एक थेंब लावला. बघता बघता नारिंगी मावळला आणि त्या जागी गडद, तांबूस तपकिरी आला, चिंचेच्या गाभुळलेल्या गरासारखा. रेशीम ओलं झालं की पारदर्शक होतं. खालच्या गळाचा काळेपणा त्यातून वर येतो आणि रंग खोल करतो. "मग दादा, तुम्ही कोरड्यात जो रंग बघताय तो घेऊच नका," त्या म्हणाल्या, "जो ओल्यात पाहिजे, त्याच्या दोन पायऱ्या उजळ घ्या." शेंदरी, अबोली, कुसुंबी, एक हिरवा, आणि चंद्रकळेचा काळा, एवढे तुकडे कागदात बांधून दिले. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून वर्षातून एकदा येवल्याला जातो, जाताना नाशकाची द्राक्षं नाहीतर चिवडा नेतो. त्यांची मुलगी आता मागावर बसते आणि मला काका म्हणते.

पैठणीचं रेशीम पिळाचं असतं, तसंच वापरलं तर अंग जाड होतं. म्हणून आधी तुकडा पाण्यात भिजवून त्याचा पीळ उलटा सोडवायचा आणि एक पदर वेगळा करायचा. हे काम ही करते. माझी बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, आणि तिच्या बोटांत वाती वळून वळून आलेली एक वेगळीच समज आहे. पदर वेगळा झाला की तो मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढायचा. एकदा ओढला तर रेशीम सुटतं, तीनदा ओढला तर मेणाचा थर बसतो आणि ओलं झाल्यावर रंग उघडत नाही.

आता बांधणी. गळ व्हाइसमध्ये घट्ट. डोळ्याच्या मागे, केसभर जागा सोडून, रेशीम धरायचं आणि मागे मागे एकाला एक लागून वेढे द्यायचे. वेढ्यावर वेढा चढता कामा नये, दोन वेढ्यांत फट राहता कामा नये. भिंग लावून बघितलं तर सुताची गुंडी दिसावी तसं दिसायला हवं. कुठवर जायचं? नवशिका दांडी संपेपर्यंत जातो. यॉर्कशरची चाल अशी, की गळाचं टोक जिथं आहे, त्याच्या जरासं मागे, तिथंच थांबायचं. अंग आखूड राहतं, उरलेली दांडी उघडी. तिथून रेशीम परत पुढे आणायचं. मग पीस. बुडाचा पिंजलेला कापूस काढून टाकायचा, तंतू मागे सारायचे, टोकाचे चार तंतू एकत्र धरून ते टोक डोळ्यामागे बांधायचं. नंतर पिसाची दांडी चिमट्यात धरून वेढा. एक. तंतू मागे सारा, अंगठा आणि तर्जनी ओली करून. दोन. आणि थांबा.

हे थांबणं मला नऊ वर्षं जमलं नाही. दुसरा वेढा झाला की माशी अर्धवट वाटते. तंतूंच्या मधून पलीकडची भिंत दिसते. हात आपोआप तिसरा वेढा देतो, मग चौथा, आणि एक छान भरघोस, गोल, बाटली धुवायच्या ब्रशासारखी माशी तयार होते. टेबलावर ती देखणी दिसते. मी अशा दीडशे बांधल्या. ड्रॉइंगमध्ये चोवीस तंतू लिहिले होते, तरी बांधल्या. वाटायचं, मूळच्या माशीची पिसं वर्षानुवर्षं डबीत राहून झडली असणार.

२००७ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा हिमाचलला गेलो. नाशिकरोडहून पंजाब मेलनं दिल्ली, तिथून रात्रीची बस, औटला उतरून बंजारच्या वाटेनं गुशैणी. तीर्थन नदी. हिमाचलात ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, अंडी घालण्याचे दिवस, म्हणून त्याआधी गाठायचं होतं. मत्स्य खात्याचा परवाना काढला, मुक्कामाच्या घरमालकांकडून काठी घेतली. नदी पाहिली आणि गळा दाटून आला. नऊ वर्षं ज्या पाण्याकरता बांधत होतो, ते पाणी असं असतं तर. तळचा गोटा न गोटा दिसत होता. हात घातला तर पाचव्या श्वासाला बोटं बधिर.

दोन दिवस काही लागलं नाही. मासे होते, दगडाआड त्यांच्या पाठी हलताना दिसत. माशी तिरकी पलीकडे टाकायची, प्रवाह दोरीला ताणून तिला कमान काढत आपल्या काठाला आणतो, कमानीच्या शेवटी ती वर उठते, तिथं थांबायचं, हे सगळं वाचून, अंगणात सराव करून आलो होतो. माशी यायची, मासे बाजूला व्हायचे. एक तर पुढे आला, जवळून पाहिलं आणि वळला. ते वळणं मला अजून दिसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी शेवटची शेंदरी माशी मागच्या फांदीत अडकली. ओढली, फांदी हलली, आणखी ओढली, आणि ती सुटून आली तेव्हा तिचं निम्मं पीस झाडालाच राहिलं होतं. रेशीम एका जागी उसवलेलं. डबीत त्या रंगाची दुसरी नव्हती. तीच टाकली. तिसऱ्याच कमानीला, अगदी शेवटी, दोरी जिथं सरळ होते तिथं, कुणी दारामागून पदर ओढावा तशी एक ओढ आली. झटका द्यायचा नसतो, प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेला मासा आपला आपण अडकतो. मी काठी नुसती धरून ठेवली. ब्राउन ट्राउट, वीत आणि वर चार बोटं. पाठ शेवाळी, पोट लोण्यासारखं पिवळट, आणि कुशीवर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. हात ओले करून धरला, गळ काढला (त्याचा काटा मी आधीच दाबून सपाट केलेला असतो), तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरून ठेवला. तीन-चार वेळा कल्ले हलले आणि हातातून निघून गेला.

संध्याकाळपर्यंत त्याच फाटक्या माशीला आणखी चार आले. रात्री कंदिलापाशी बसून तिचे तंतू मोजले. अकरा.

तसं का होतं, हे पुढे दगड उलटे करून करून समजलं. नदीच्या तळाला दगडांना चिकटून मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या पिल्लांचं आयुष्य चालतं. चपटी, सहा पायांची, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले झुलताहेत, मागे दोन किंवा तीन शेपट्या. महिनेच्या महिने ती तिथं शेवाळ खात राहतात. मग एका दिवशी तळ सोडून वर निघतात. पाण्याचा वरचा पापुद्रा एवढ्याशा जिवाला चामड्यासारखा घट्ट लागतो. त्याच्या खाली लोंबकळत त्यांना कात टाकायची असते, पंख बाहेर काढायचे असतात, आणि त्या काही क्षणांत त्यांना पळताही येत नाही, उडताही येत नाही. ट्राउट त्याच क्षणाची वाट बघतो. त्याला खालून दिसतं ते एवढंच: एक सडपातळ अंग, आणि त्याच्या पुढच्या टोकाशी काहीतरी उलगडू बघतंय. उलगडू बघतंय, हीच त्याची खूण. गच्च पिसांचा गोळा उलगडत नाही, कारण तंतूंना हलायला जागाच नसते. अकरा तंतूंना असते.

या मेफ्लायबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंख फुटून उडायला लागल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक जगात हाच एक. पाण्यातून निघतो, उडून पानाखाली बसतो, आणि तिथं पंखांवरूनही एक झिरझिरीत कातडी उतरवतो, मग त्याचे पंख काचेसारखे होतात. त्याला कामाचं तोंडच नसतं. खायचंच नसतं, वेळच नसतो. बहुतेकांचं पंखांचं आयुष्य एका दिवसाच्या आतबाहेर.

तीर्थनहून आल्यावर मी आमच्याकडचे दगड उलटायला लागलो. हरसूलच्या रस्त्याला ब्रह्मगिरीच्या पलीकडून उतरणारा एक ओढा आहे, भातखाचरांच्या कडेनं वाहतो. गणपतीच्या सुमारास पाणी निवळतं. पहिलाच दगड उलटला आणि तळाशी तीच ती, कल्ले झुलवणारी, तीन शेपट्यांची पोरं. माझ्या घरापासून तासाभरावर. पन्नाशीला आलो होतो, जन्म इथला, आणि मला ठाऊक नव्हतं. आणखी एका दगडाला वाळूच्या कणांची नळी चिकटलेली, आत कॅडिस नावाच्या कीटकाची अळी. एकेक कण लाळेच्या रेशमानं जोडून तिनं ते घर केलेलं असतं. मी त्या नळीवर भिंग धरलं. कणाला कण लागून, फट नाही, चढ नाही.

मग मी गोदेकाठानं खाली खाली येत गेलो. गंगापूर धरणाच्या वर हे जीव मिळाले. शहर लागलं तसे कमी झाले. घाटांच्या खाली, जिथं नाल्यांचं पाणी येऊन मिळतं, तिथं मला एकही मिळाला नाही. तिथल्या चिखलात मिळाल्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू संपत आलेल्या गाळातही त्या तगतात. ज्या नदीला आपण सकाळ-संध्याकाळ आरती करतो, तिच्या पोटात कुणाला श्वास घेता येतो आणि कुणाला नाही, हे मला दगडाखालच्या या जिवांनी दाखवलं. आता दर वर्षी पावसाळा सरल्यावर मी त्याच सात जागी जातो, तेच दगड उलटतो, वहीत लिहितो आणि दगड होता तसा परत ठेवतो. तो परत ठेवणं फार महत्त्वाचं, कारण त्याच्या पोटाला कुणाचं तरी घर चिकटलेलं असतं.

हरसूलच्या ओढ्यात मी मऊपिशीही टाकतो, १८ नंबरच्या गळाची. बोटभर लांबीचे रुपेरी मासे तिच्यावर तुटून पडतात. उचलायचे, बघायचे, सोडायचे. तिथली आदिवासी पोरं काठावर बसून असतात. त्यातल्या एका मुलीनं मागच्या वर्षी माझ्याकडून बांधायचं शिकून घेतलं. तिनं बांधलेल्या पहिल्याच माशीला पिसाचे दोन वेढे होते. तिसरा का दिला नाहीस, विचारलं, तर म्हणाली, "पीस एवढंच होतं ना, बाबा." तिनं घरच्या कोंबडीचं पडलेलं पीस उचललं होतं.

सांगायचं एक राहिलंच. मे २०१६ मध्ये मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी दुपारी निरोपसमारंभाला अवकाश होता, मी मेट्रॉलॉजीच्या खोलीत गेलो. प्रोजेक्टर तोच, दिवा तेवढा बदललेला. खिशात दोन माश्या होत्या, यॉर्कशरच्या त्या म्हाताऱ्याची आणि माझी. दोन्ही काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या. पडद्यावर दोन सावल्या. मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं: त्याचे चोवीस, माझे एकोणीस. तीन-चार शिकाऊ पोरं मागे गोळा झाली होती. ड्रॉइंग हातात असतं, तर दोन्ही माश्या मी पास केल्या असत्या.

मग मी खोलगट काचेची एक वाटी घेतली, पाण्याच्या बाटलीतून तिच्यात बोटभर पाणी ओतलं, माझी माशी चिमट्यानं आत सोडली आणि वाटी टेबलावर ठेवली. क्षणभर पडद्यावर नुसत्या लहरी. त्या शांत झाल्या आणि सावली दिसली. एकोणीसही तंतू सुटे झाले होते. वर छताला पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्यानं पाणी एवढंसं हलत होतं, आणि तेवढ्यानं ते तंतू उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते, दहापट मोठे, गोल पडद्यावर.

एका पोरानं सवयीनं पडद्यावर स्केल लावली. माप लागेना. त्यानं स्केल काढून घेतली आणि तिथंच उभा राहून बघत राहिला.